फोटो छापला, पण वही कुठे आहे?

मा. संपादक महोदय,

आपल्या शहर पुरवणीत दर महिन्या-दोन महिन्यांत एक छायाचित्र हमखास दिसते. भिंतीवर पडदा, पडद्यावर परदेशातला एखादा वर्ग, पडद्याच्या अलीकडे नागपूरची मुले ओळीत उभी, हातात दोन्ही देशांचे कागदी झेंडे आणि कडेला मुख्याध्यापक. खाली ओळ असते, 'विद्यार्थ्यांनी साधला परदेशी विद्यार्थ्यांशी संवाद.' बातमी चांगलीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या पाऊण तासानंतर मुलांनी काय लिहिले, हे बातमीत नसते आणि बहुतेक वेळा शाळेतही नसते. ऑनलाइन आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मूल पडद्यासमोर जेवढे शिकते, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी वहीसमोर शिकते. हे पत्र त्या वहीबद्दल आहे.

हे उपक्रम काही काल-परवाचे नाहीत. न्यूयॉर्क आणि मॉस्को इथल्या शाळा संगणकाने जोडण्याचा प्रयोग १९८८ मध्ये झाला, त्यातून पुढे 'आयअर्न' हे शाळांचे जाळे उभे राहिले. युरोपातल्या शाळांना ऑनलाइन जोडणारे 'ई-ट्विनिंग' २००५ चे आहे. महाविद्यालयांसाठी 'कॉइल' नावाची, दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन मिळून शिकण्याची पद्धत न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ पासून रुजवली. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. भांडण असलेल्या देशांमधल्या मुलांना एकमेकांशी बोलते करणे हेही त्यांच्या कामात होते. तेव्हा 'हे मोठ्या शाळांचे चोचले' ही सबब आता चालणार नाही.

वहीचे काम काय, हे आपल्या घरच्याच फळावरून सांगतो. नागपूरची मुले परदेशी वर्गाला पहिल्याच पत्रात संत्र्याबद्दल लिहितात, न लिहिली तरच नवल. समजा जोडीचा वर्ग ब्राझीलमधला आहे. तिकडून उत्तर येते की आमच्याकडेही भरपूर, 'ऑरेंज'च्या रसात आमचा देश जगात पहिला. इकडे टाळ्या पडतात, फळ्यावर 'आपल्यातील साम्ये' या मथळ्याखाली संत्र्याचे चित्र निघते आणि विषय मिटतो. प्रत्यक्षात दोन्हीकडची मुले वेगवेगळ्या फळांबद्दल बोलत असतात. तिकडचे रसाचे फळ म्हणजे 'लारांजा', आपल्या मोसंबीच्या कुळातले, घट्ट सालीचे, सुरीने कापायचे. आपला संत्रा ढिल्या सालीचा, नखाने सोलायचा. त्याच्या भाऊबंदांना ब्राझीलमध्ये कुठे तांजेरिना, कुठे मेशेरिका आणि दक्षिणेकडे बेर्गामोता म्हणतात. इंग्रजी 'ऑरेंज' या एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली दोन फळे झोपली होती.

हे उघडकीला कधी येते? दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीने वहीत 'त्यांच्या फोटोतला मुलगा संत्रा चाकूने का कापत होता?' एवढी एक ओळ लिहिली तर. मग पुढचे पत्र त्या ओळीतून निघते. तुमची फोड सुटी होते का, बिया किती असतात, झाडाला फूल कोणत्या महिन्यात येते. इकडून आपल्या दोन बहारांची, म्हणजे फुलोऱ्याच्या दोन हंगामांची, माहिती जाते. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीतली आणि फळ दिवाळीच्या आगेमागे. मृगाची फुले पावसाच्या तोंडाशी आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिल. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यातला, वर्गात एरवी तोंड न उघडणारा मुलगा त्या दिवशी वर्गाचा जाणकार होतो. आणखी खोदले तर कळते की 'लारांजा' हा शब्द आपल्या 'नारंग'चाच वंशज. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालात गेलेला. भूगोल, शेती आणि भाषा हे तिन्ही विषय त्या एका ओळीपोटी आले. व्हिडिओ कॉलमध्ये यातले काहीच झाले नव्हते, तिथे फक्त टाळ्या झाल्या होत्या.

या लिखाणाला शाळांत कुणी अभिप्राय म्हणते, कुणी प्रतिक्रिया. प्रशिक्षणांत त्याला 'रिफ्लेक्शन' म्हणतात. आम्ही साधे 'नोंद' म्हणतो. नाव कोणतेही द्या, बहुतेक नोंदी एका साच्यातून काढल्यासारख्या असतात: 'खूप मजा आली. तिकडची मुले खूप शिस्तप्रिय आहेत. मला खूप शिकायला मिळाले.' ज्या नोंदीत 'खूप' तीनदा येते, तिच्यात बहुधा काहीच नसते. दोष मुलांचा नाही. त्यांना विचारलेले असते 'तू काय शिकलास?' आणि या प्रश्नाला सभ्य उत्तर एकच असते. त्यातून ती नोंद परिपाठात मुख्याध्यापकांसमोर वाचायची असेल किंवा तिला दहापैकी गुण मिळणार असतील, तर मूल शाळेला ऐकायला आवडेल तेच लिहिणार. आपणही तेच केले असते.

प्रश्न बदलला की नोंद बदलते. 'कोणत्या क्षणी तुला काही कळेनासे झाले?' हा त्यातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न. त्याच्या पाठोपाठ 'त्यांनी विचारलेला कोणता प्रश्न तुला अनपेक्षित होता?' आणि 'तू सांगितलेले काय त्यांना भलतेच समजले असेल?' हे दोन. या तिन्हींत कौतुकाला जागा नाही आणि प्रत्येकाला एक ठरावीक क्षण आठवावाच लागतो. युरोप परिषदेने २००९ मध्ये परक्या संस्कृतीशी झालेल्या भेटीची 'आत्मकथा' लिहिण्यासाठी प्रश्नावली काढली, लहान मुलांसाठी वेगळी सोपी आवृत्तीही केली. तिचाही रोख असाच आहे. एकच भेट निवडायची, ती कुठे-कशी झाली ते लिहायचे, तेव्हा मला काय वाटले आणि समोरच्याला काय वाटले असेल हे वेगळे मांडायचे. ती प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून वाटू नये, फार लांब आहे. तिच्यातले तीन-चार प्रश्न पुरतात.

वहीची मांडणी अशी. चाळीस पानी साधी वही, दोन पाने समोरासमोर उघडी. डाव्या पानावर फक्त दिसले आणि ऐकले ते. उजव्या पानावर मला काय वाटले ते. हे वेगळे ठेवणे मुलांना सुरुवातीला जड जाते, मोठ्यांनाही जाते. उजवीकडे 'ती मुले अबोल आहेत' असे लिहिले असेल, तर शिक्षकाने डाव्या पानावर बोट ठेवायचे: असे वाटायला तू काय पाहिलेस? मग तिथे येते, 'मी प्रश्न विचारला तेव्हा सात-आठ सेकंद कुणी बोलले नाही.' आता या सात-आठ सेकंदांची कारणे वर्गाने काढायची. आवाज उशिरा पोहोचत असेल. त्यांच्या बाई प्रश्न त्यांच्या भाषेत सांगत असतील. उत्तर देण्याआधी आपसांत ठरवायची त्यांची रीत असेल. किंवा आमचे इंग्रजी त्यांना कळलेच नसेल. 'अबोल' हे चार कारणांपैकी एकही नाही, हे मुलांना आपोआप दिसते. पुढच्या पत्रात कारण विचारताही येते.

वेळेबाबत काटेकोर राहावे लागते. पहिली नोंद कॉल किंवा पत्रानंतर चोवीस तासांच्या आत, वर्गातच, पंधरा मिनिटांत पाच ते आठ ओळी. घरचा अभ्यास म्हणून दिली तर ती ताई किंवा शिकवणीचे सर लिहितात. आठ-दहा दिवसांनी तीच नोंद दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा वाचायची. खोडायचे नाही, शेजारी लिहायचे: 'आता मला असे वाटत नाही, कारण…' शेवटची नोंद प्रकल्प संपल्यावर, पहिली समोर ठेवून. आठ आठवड्यांच्या प्रकल्पाला अशा तीन, फार तर चार नोंदी पुष्कळ झाल्या. दर आठवड्याला लिहायला लावले की पाचव्या आठवड्यात पुन्हा 'खूप मजा आली' सुरू होते.

शिक्षकाने प्रत्येक नोंदीच्या समासात एकच प्रश्न लिहायचा. या वहीत लाल शाईने शुद्धलेखन तपासायचे नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्या जागी मूल पुढच्या वेळी आपल्याला येणारेच शब्द वापरते आणि विचारही तेवढाच आखूड करते. चाळीस वह्या, दर वहीला दोन मिनिटे धरली तर ऐंशी मिनिटे होतात. एका दिवशी ते कुणालाच शक्य नाही. रोज दहा वह्या घेतल्या की चार दिवसांत होतात आणि दुसऱ्या वाचनाआधी सगळ्यांच्या हातात परत जातात.

आता भाषेचा मुद्दा, आणि इथे आमचे मत ठाम आहे. नोंद मराठीतच हवी. घरी हिंदी, गोंडी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने सुरुवात त्या बोलीत केली तरी उत्तम. प्रकल्प इंग्रजीत म्हणून नोंदही इंग्रजीत, हा आग्रह पुष्कळ शाळा धरतात. सातवीच्या मुलाच्या इंग्रजीत 'व्हेरी नाइस' आणि 'व्हेरी गुड' यांच्या मधल्या छटा नसतात, म्हणून नोंदीतही नसतात. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९७ पासून 'कुल्तुरा' नावाचा प्रकल्प चालला, अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थ्यांमधला. त्यात दोन्हीकडचे विद्यार्थी मुद्दाम आपापल्या भाषेत लिहीत आणि तेच शब्द, तीच अर्धी वाक्ये दोन्हीकडे पूर्ण करून शेजारी-शेजारी ठेवली जात. शब्दकोशात समान असलेले शब्द डोक्यात किती वेगळी चित्रे उभी करतात, हे त्यातून दिसे. शहराच्या उपनगराला दोन्ही भाषांत शब्द आहे. अमेरिकी मुलांना त्याने हिरवळीची टुमदार घरे आठवत आणि फ्रेंच मुलांना गरिबी आणि अशांतता. आपल्याकडे 'वस्ती' आणि 'ले-आउट' (भूखंड पाडून वसवलेली वसाहत) हे दोन शब्द घेऊन नागपूरच्याच दोन शाळांत हा खेळ करून पाहावा. परदेशी वर्गापर्यंत जायचीही गरज पडणार नाही.

मराठीचा आणखी एक फायदा आहे आणि तो इंग्रजीत मिळत नाही. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी'. पहिल्या नोंदीत मुले लिहितात, 'आम्ही त्यांना पोळ्याचे चित्र पाठवले.' प्रकल्प खरोखर जमला असेल तर शेवटच्या नोंदीत कुठे तरी 'आपण पुढच्या वेळी आधी वेळ ठरवू' असे वाक्य येते आणि त्या 'आपण'मध्ये पलीकडचा वर्गही असतो. मूल हे ठरवून करत नाही, म्हणूनच ते मोलाचे. शिक्षकाने दोन्ही नोंदींत 'आम्ही', 'ते' आणि 'आपण' यांच्याभोवती वर्तुळे काढून मोजावीत. कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा ही मोजणी जास्त सांगते. जोडीचा वर्ग इंडोनेशियाचा असेल तर गंमत आणखी वाढते, कारण त्यांच्याकडे हाच भेद आहे: 'कामि' म्हणजे आम्ही आणि 'किता' म्हणजे आपण. जपानी किंवा जर्मन वर्गाला मात्र हा भेद समजावून सांगावा लागेल आणि तो सांगणे हाच एका तासाचा चांगला पाठ होईल.

पलीकडे काय पाठवायचे? पूर्ण नोंद नाही. मुलाने स्वतःच्या नोंदीतली दोन वाक्ये निवडायची आणि तेवढ्यांचेच भाषांतर करायचे. मोबाइलवरच्या यंत्रभाषांतराची मदत घेतली तर इंग्रजी झाल्यावर ते उलटे पुन्हा मराठीत करून पाहायचे. 'मामाच्या गावाला गेलो' हे वाक्य तिकडे नुसते 'अंकल'चे गाव होऊन जाते आणि परत येताना कधी 'काकांचे गाव' होऊन येते. मामाचे गाव म्हणजे काय हे तिकडच्या मुलांना माहीत नसतेच. तिथे 'आईच्या भावाकडे, जिथे उन्हाळ्याच्या सुटीत सगळी भावंडे जमतात' असे मोकळे लिहिले की भाषांतरही नीट होते आणि अर्थही पोहोचतो.

वह्यांमध्ये हमखास सापडणारा एक सापळा आहे, तोही दाखवतो. मुले पहिल्या पत्रात ताजमहाल, भरतनाट्यम आणि योग पाठवतात, जणू नागपूर आग्र्याच्या शेजारी आहे. त्याऐवजी मारबत पाठवली तर पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारे काळ्या-पिवळ्या मारबतींचे मोठे पुतळे, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. जपानी वर्गाकडून मग सेत्सुबुन येतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुधा ३ तारखेला, घरातले कुणी तरी राक्षसाचा मुखवटा घालते. बाकीचे भाजलेले सोयाबीन फेकत 'राक्षस बाहेर, सौख्य आत' अशा अर्थाने ओरडतात आणि मग आपल्या वयाइतके दाणे खातात. दोन्ही वर्ग खूश. नोंदीत उतरते, 'सगळीकडे माणसे सारखीच असतात.'

हे वाक्य गोड आहे आणि शिकणे तिथेच थांबवते. शिक्षकाने समासात एवढेच विचारावे: फरक कुठे आहे? मग दिसते की सेत्सुबुन मुख्यतः घरातला आणि देवळातला आहे, मारबत मात्र रस्त्यावरची. बडग्यांवर त्या-त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर टोमणे असतात, पुढाऱ्यांनाही सोडत नाहीत. पीडा हाकलायची ती घरातली की गावातली, हा फरक मुलांनी स्वतः शोधला तर पुढचा प्रश्न तेच विचारतात: 'तुमच्याकडे सरकारवर चिडलेली माणसे ते कसे दाखवतात?' अभ्यासक ओ'डाउड आणि वेअर यांनी २००९ मध्ये अशा प्रकल्पांतल्या कामांचे तीन गट केले: माहितीची देवाणघेवाण, तुलना आणि मिळून काही घडवणे. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प पहिल्या गटात संपतात. तुलनेपर्यंत नेणारी वस्तू म्हणजे हीच वही.

मिळून काय घडवायचे, ते मोठे नसावे. दोन्ही शाळांजवळच्या झाडाचा आठ आठवड्यांचा तक्ता, दोन शहरांच्या पारा-नोंदींचा आलेख, नाही तर दोन भाषांतला बारा शब्दांचा छोटा कोश. तापमान घेतले तर एकक आधी ठरवा. नागपूरच्या मेमधले ४५ अंश अमेरिकी वर्गाला सांगायचे तर ११३ फॅरनहाइट म्हणावे लागतात, नाही तर त्यांना ते थंडीचे वाटतात. तारीखही अक्षरी महिन्यासह लिहावी. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. या एका तिरक्या रेघेने ठरलेले कॉल हुकतात.

वेळेचे गणित कोरडे आहे, पण तिथेच सर्वाधिक प्रकल्प अडखळतात, म्हणून आकडे देतो. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे अर्ध्या तासाची. हे परदेशी शिक्षकांच्या ध्यानात राहत नाही आणि कुणी तरी अर्धा तास आधी येऊन बसते. नागपुरात सकाळचे ८ वाजतात तेव्हा जाकार्तात ९.३० आणि जपानमध्ये ११.३०. सकाळ पाळीच्या शाळांना पूर्वेचे देश सोयीचे. दुपारी १.३० ला जर्मनीत हिवाळ्यात ९ आणि उन्हाळ्यात १० वाजलेले असतात, कारण तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. अमेरिकेत ती वेगळ्या रविवारी बदलतात. साओ पावलोत सकाळचे ८ म्हणजे आपले दुपारचे ४.३०, पाळी दुपारची असेल तर जमते. न्यूयॉर्कच्या शाळेचे सकाळचे ८ हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी ६.३० ला येतात. त्यांच्याशी थेट कॉलचा हट्ट सोडावा आणि एक मिनिटाच्या ध्वनिचित्रफिती पाठवाव्यात. त्यांवरच्या नोंदी अनेकदा कॉलपेक्षा सरस निघतात, कारण फीत पुन्हा लावता येते.

वर्षाचे गणितही तसेच. विदर्भाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जपानचे वर्ष एप्रिलला सुरू होते, ब्राझीलचे फेब्रुवारीत आणि जर्मनीत उन्हाळी सुटी राज्यागणिक वेगळी. आपल्याला खरी जागा मिळते ती जुलैच्या मध्यापासून प्रथम सत्र परीक्षेपर्यंत आणि दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत. दोन्ही शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात सुट्यांच्या याद्या बदलून घेतल्या नाहीत तर ठरलेली गोष्ट घडते: पलीकडून तीन आठवडे उत्तर नाही. मुले समजतात, आपण त्यांना आवडलो नाही. या शांततेचीही नोंद करून घ्यावी. उत्तर का आले नसेल याबद्दल प्रत्येकाचा अंदाज आणि खरे कारण कळल्यावर शेजारी दुसऱ्या रंगात ते कारण. रागावून लिहिलेल्या अंदाजाशेजारी 'त्यांची परीक्षा होती' एवढे तीन शब्द लिहिताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

कॉलच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात. आपल्याकडे आवाज बिघडवणारा पहिला गुन्हेगार कूलर, दुसरा छताचा पंखा. बोलणाऱ्या मुलाजवळ तारेचा माइक, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि तेवढी मिनिटे कूलर बंद. वर्ग खिडकीकडे पाठ करून बसवला तर पलीकडे फक्त काळ्या आकृत्या दिसतात. झूमच्या मोफत खात्यात कॉल ४० मिनिटांनी तुटतो, तेव्हा २५ मिनिटांचाच बेत करा आणि शेवटची पाच मिनिटे निरोपाला ठेवा, राष्ट्रगीताला नव्हे. इंटरनेट गेले तर काय, याचे उत्तर फळ्यावर आधी लिहून ठेवा: 'दहा मिनिटे वाट पाहू, नंतर लेखी प्रश्न पाठवू.'

कॉलला कोण बसते, हाही प्रश्न आहे. इंग्रजी फाडफाड बोलणारी सात मुले पुढे आणि बाकी तेहतीस पार्श्वभूमीला, हे चित्र सर्रास दिसते. कामे वाटून फिरवावीत. प्रश्न विचारणारा, वेळ पाहणारी, आवाज सांभाळणारा, डाव्या पानाची नोंद घेणाऱ्या दोघी, भाषांतराची जोडी. नोंद घेणाऱ्यांना बोलायचे नसते, म्हणून त्या सगळ्यात जास्त पाहतात. उत्तम नोंदी बहुधा मागच्या बाकावरून येतात. त्यात आश्चर्य नाही, पण शाळांना ते वाटते.

शेवटचा व्यवहाराचा भाग, मुलांची सुरक्षितता. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ती संमती मराठीत घ्या आणि छायाचित्र, आवाज, लेखन यांसाठी वेगवेगळे चौकोन ठेवा; कुणी एकाला हो म्हणेल, दुसऱ्याला नाही. पलीकडे फक्त पहिले नाव जावे. गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवावे, फोटोतली ठिकाणाची माहिती बंद असावी. युरोपातल्या काही शाळा मुलांचे चेहरे दाखवतच नाहीत, फक्त हात आणि चित्रे दाखवतात. तो आपला अपमान नाही, हे मुलांना आधी सांगावे. नाही तर उजव्या पानावर तेच लिहिले जाते.

मुख्याध्यापकांना आमची मागणी एकच आहे: कॉलच्या दुसऱ्या दिवशीचा ३५ मिनिटांचा एक तास वेळापत्रकात नावानिशी लिहून द्या. कॉलसाठी सभागृह, बॅनर आणि फुले मिळतात, या तासासाठी मात्र 'अभ्यासक्रम मागे पडतो' असे ऐकावे लागते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यांतला एक दिवस याला दिला तरी तीन नोंदींपुरती जागा निघते.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. यापुढे एखादी शाळा झेंड्यांचा फोटो पाठवील तेव्हा तिच्याकडून एका मुलाची दहा ओळींची मूळ मराठी नोंदही मागवा, पालकांच्या संमतीने आणि नाव न छापता. शुद्धलेखन सुधारू नका. जागा कमी पडली तर फोटो लहान करा. त्यातून आम्हा शिक्षकांना कापले तरी हरकत नाही.

आपले,
शालेय ऑनलाइन प्रकल्पांवर काम करणारे काही शिक्षक,
नागपूर